आधी दाम, मग बोलणे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जळगावच्या सराफ बाजारात आणि धुळ्याच्या पेठेत नव्या वह्यांना हळदकुंकू लागते. हिशेब संगणकात गेले, तरी पूजेपुरती लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही दुकानदार आणतोच. त्या वहीच्या दोन अंगांना जमा आणि नावे असे म्हणतात. माल आधी आणि पैसा मागून, ही झाली उधारी. तीत देणारा घेणाऱ्यावर विश्वास टाकतो. पैसा आधी आणि माल मागून, हा झाला आगाऊ दाम. त्यात घेणाऱ्याला देणाऱ्यावर विश्वास टाकावा लागतो. कुणी कुणावर विश्वास टाकायचा, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदारीचा दिसतो; परंतु समाजात कोण कुणाच्या बरोबरीचा मानला जातो, हेच त्यातून कळत असते.

गेल्या पंचवीस वर्षांत खानदेशातल्या लाखो घरांनी या प्रश्नाचे उत्तर एका बाबतीत मुकाट्याने बदलले. महिन्याअखेर बिल येणारा टेलिफोन त्यांनी सोडला, किंवा कधी घेतलाच नाही, आणि आधी पैसे भरून मग बोलायचा फोन जवळ केला. देशातल्या दर दहा मोबाइल जोडण्यांपैकी आज नऊहून अधिक प्रीपेड आहेत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या तापीकाठच्या आजीबाईलाही 'बॅलन्स संपला' म्हणजे काय हे नीट कळते.

या बदलाचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. इतिहासाला तोफेचा आवाज लागतो, असा आपल्याकडे एक समज आहे. पण ज्या धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाड्यांनी देह ठेवला आणि जेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले, त्या गावाच्या परिसरात तरी हा समज नसावा. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाचे बावीस खंड त्यांनी काढले, ते गावोगावच्या दप्तरांतले कागद गोळा करूनच. पुढल्या शतकातला एखादा राजवाडे आमच्या फडताळातली टेलिफोनची बिले आणि नखाने खरवडलेली रिचार्जची कार्डे हाती धरून बसला, तर त्याला त्यातून काय दिसेल? त्याचे काम थोडे सोपे करावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम टपालाकडे वळले पाहिजे, कारण हा सगळा खेळ तेथे एकदा होऊन गेला आहे. तिकिटे निघण्यापूर्वी पत्राचे पैसे अंतरावर आणि वजनावर आकारले जात, आणि पुष्कळदा ते पत्र घेणाऱ्याकडून वसूल होत. इंग्लंडातही हीच रीत होती. रोलंड हिल या टपाल-सुधारकाच्या नावाबरोबर तेथे एक गोष्ट सांगितली जाते. एका गरीब मुलीच्या दारी पत्र आले; तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि पैसे नाहीत म्हणून परत केले. कुणा दयाळू गृहस्थाने पैसे भरले, तेव्हा कळले की आत कोरा कागद आहे. खुशालीच्या खुणा पाकिटाच्या बाहेरच केलेल्या होत्या. गोष्ट दंतकथेच्या जातीची आहे. पण आपल्याकडे दोन वेळा घंटी वाजवून फोन ठेवून देणाऱ्या माणसाला ती ऐकवा, तो म्हणेल, हा तर आमचा मिस्ड कॉल!

हिलच्या खटपटीने १८४० मध्ये इंग्लंडात एका पेनीचे तिकीट आले. हिंदुस्थानात १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते मुलुखात कोठेही जावो, असा नियम झाला. तिकीट न लावलेल्या पत्राला दुप्पट आकार बसे. त्यालाच आपले लोक 'नॉटपेड' म्हणू लागले, आणि नॉटपेड पत्र धाडणारा नातेवाईक घराघरांत नावाजला गेला. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, पैसे आधी घेतल्यामुळे टपाल महाग झाले नाही, स्वस्त झाले. पोस्टमनला दारात उभे राहून घासाघीस करावी लागेना, अंतराचे हिशेब ठेवणारे कारकून लागेनात. १८७९ मध्ये पाव आण्याचे कार्ड निघाले. आधी पैसा टाकला की पत्र टाकणारा शेठ आहे की हमाल, हे विचारण्याचे कुणाला कारण उरले नाही. तारेचेही तसेच, शब्द मोजायचे, पैसे मोजायचे, मग मास्तर यंत्राला हात लावणार. ती तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

मग टेलिफोनच तेवढा उधारीवर का चालला?

याचे कारण यंत्रात होते. पत्राचे वजन पेटीत टाकण्यापूर्वी करता येते, तारेचे शब्द आधी मोजता येतात. पण माणूस किती वेळ बोलेल हे त्याच्या स्वतःच्या बायकोलाही सांगता येत नाही. शिवाय तार घरापर्यंत ओढायची, एक्स्चेंजमध्ये त्या घरासाठी जागा राखायची, आणि घरातले सगळे महिनाभर मौनात राहिले तरी ती जागा राखूनच ठेवायची. म्हणून भाडे आले. बोललेल्याचा आकडा मीटरवर पडायचा, तो कारकुनाने टिपून घ्यायचा, आणि मग बिल धाडायचे. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे एक्स्चेंज सुरू झाली, तेव्हापासून टेलिफोन घेणाऱ्याला 'वर्गणीदार' म्हणू लागले. शब्द मोठा बोलका आहे. वर्गणीदार म्हणजे ज्याचे नाव यादीत आहे, ज्याला पत्ता आहे, ज्याच्याकडून पैसे येतील अशी खातरी आहे असा माणूस.

आणि ही खातरी सरकारला फार थोड्यांबद्दल वाटे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा अवघ्या देशात सुमारे ८० हजार टेलिफोन होते. पुढे संख्या वाढली, पण मागणी तीहून वेगाने वाढली. अर्ज करायचा, अनामत भरायची आणि वाट पाहायची; लवकर हवा असेल तर 'स्वतःचा टेलिफोन' नावाच्या योजनेत काही हजार रुपये एकरकमी ठेवायचे, आणि तरीही वाट पाहायची. गल्लीत एकाकडे फोन असे. बाकीचे लोक आपल्या लग्नपत्रिकेवर त्याचाच नंबर छापून पुढे 'पी. पी.' लिहीत. ज्याच्या घरी फोन तो डायलला पितळी कुलूप घाली. बिल दोन महिन्यांनी येई, आणि ते आले की घरात पहिला प्रश्न निघे, 'इतके बोलले कोण?'

आता खानदेशाकडे येतो. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच आजचे जळगाव व धुळे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. या मुलुखात पैसा एकाच चालीने येत नाही, आणि माझ्या मते आपल्या विषयाची किल्ली तेथेच आहे. टेलिफोनचे बिल ज्या गृहीतावर उभे होते ते असे, की घरात दर महिन्याला ठरलेला पैसा येतो. असे घर खानदेशात पाहायचे असेल तर भुसावळला जावे. रेल्वेचे जंक्शन, जवळच आयुधनिर्माणी, पलीकडे दीपनगरचे वीजकेंद्र. तेथल्या किराणा दुकानदाराला पगाराची तारीख पंचांगासारखी पाठ. महिन्याची उधारी, पगार झाला की चुकती. त्या गावाला बिलाचा फोन अंगाबरोबर शिवलेल्या कोटासारखा बसला.

पण भुसावळाहून गाडीने थोडे वर सावदा-रावेराकडे गेले की महिना संपतो. तेथे केळीचे घड कापले जातील तेव्हा पैसा. बाग उभी करायला वर्ष जाते, आणि वाऱ्याची एक वावटळ आली तर तो पैसा आडवा होतो. कापसाचे घर दिवाळीच्या आगेमागे श्रीमंत असते आणि पोळ्याच्या सुमारास रिते. सालदाराचे साल आखाजीला संपते आणि आखाजीलाच सुरू होते. त्याच्या हिशेबाला बारा महिन्यांचा एकच महिना. शेतमजुराच्या हाती पैसा येतो तो बाजाराच्या दिवशी, म्हणजे आठवड्याने. शिरपूर-साक्रीकडच्या आदिवासी पाड्यांवर त्याहूनही अनियमित. ऊसतोडीला निघताना मुकादमाकडून उचल, मग सहा महिने ती फेडणे. या माणसांना बोलायचे नव्हते असे नाही. त्यांच्याजवळ महिना नव्हता.

म्हणून वर्गणीदार न होता बोलण्याची पहिली सोय आली तेव्हा खानदेशाने ती दोन्ही हातांनी उचलली. ती सोय म्हणजे एस.टी.डी.चे बूथ. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या ट्रंक कॉलची हकिकत जुन्या वाचकांना सांगायला नको; सकाळी नोंदवलेला कॉल दुपारी लागला तर नशीब, अर्जंट म्हटले की दर दुप्पट. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पिवळ्या पाटीच्या काचेच्या खोल्या बसस्थानकाजवळ, दवाखान्यासमोर, पानपट्टीच्या आडोशाला उगवल्या. आत जा, बोला, चिठ्ठी निघेल तेवढे पैसे द्या, चालते व्हा. अनामत नाही, भाडे नाही, नाव नाही. रात्री उशिरा दर चौथाईवर येत, तेव्हा रांगा लागत.

त्या रांगांत एक नंबर फार वेळा फिरवला जाई, तो सुरतेचा. तापीच्या काठाने जाणारी रेल्वे खानदेशाला सुरतेशी जोडते, आणि त्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या माणसे उधना-लिंबायतकडे मागावर कामाला गेली. सुरतेत आज खानदेशी माणसांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. तेथे अहिराणी ऐकू येते आणि कानबाईही बसते. घरी म्हातारे आईवडील, इकडे यंत्रमागाची रात्रपाळी. त्या माणसाला सुरतेत भाड्याच्या खोलीचा धड पत्ता नाही, त्याला वर्गणीदार कोण करणार?

मोबाइल आला तोही प्रथम वर्गणीदारांसाठीच. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांच्याशी पहिले संभाषण केले. तेव्हा मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत दर होता, आणि आलेला फोन ऐकण्याचेही पैसे पडत. मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा हे एक मंडळ धरले होते; त्यात १९९७ पासून पुण्याकडून जाळे पसरत पसरत खानदेशाकडे सरकले. पहिले हँडसेट सराफ, डाळमिलवाले, डॉक्टर आणि पुढारी यांच्या हातांत दिसले. बिल मात्र तसेच महिन्याचे.

आणि नेमक्या त्याच वर्षांत, दूर युरोपच्या पश्चिम टोकाला, एका लहानशा देशात तोडगा निघाला होता. पोर्तुगालच्या टी.एम.एन. कंपनीने १९९५ मध्ये 'मिमो' नावाचे आगाऊ पैसे भरायचे कार्ड विकायला काढले. त्याची खुबी समजून घेण्यासारखी आहे. बिलाच्या पद्धतीत यंत्र एखाद्या कारकुनासारखे असते; कोण किती बोलला ते टिपून ठेवते आणि महिन्याने बेरीज करते. आगाऊ पद्धतीत त्या यंत्राला दारवान व्हावे लागते. फोन जोडण्याआधी शिल्लक पाहायची, बोलणे चालू असताना सेकंदासेकंदाने ती कमी करायची आणि संपताक्षणी दार लावायचे. माणूस किती बोलेल हे आधी कळत नाही, ही शंभर वर्षांची अडचण अशी सुटली. आता अनामत कशाला आणि जामीन कशाला? फसवण्याची सोयच उरली नाही, म्हणून विश्वासाचीही गरज उरली नाही.

आपल्याकडे हे कार्ड आले तेव्हा ते गरिबाचे नव्हते. काही शे रुपयांचे व्हाउचर, त्यातून सेवाशुल्क कापून उरलेला टॉकटाइम, महिनाभराची मुदत आणि बिलवाल्यांपेक्षा महाग दर. फाटका खिसा नेहमीच जास्त भाव देतो. तेलाची बाटली घेणाऱ्यापेक्षा पळीभर तेल घेणाऱ्याला शेर महाग पडतो, तसेच हे. खरी उलथापालथ २००३ साली झाली. १ मे पासून आलेला फोन ऐकणे फुकट झाले. या एका निर्णयाने मोबाइलचे स्वरूप पालटले: ज्याच्याजवळ बोलायला पैसा नाही त्यालाही आता ऐकायला यंत्र बाळगता येऊ लागले. बोलावणाऱ्याने पैसे द्यावेत आणि येणाऱ्याने नुसते यावे, हा न्याय लग्नघरासारखा झाला.

त्याच वर्षी १ जुलैला रिलायन्सने 'मान्सून हंगामा' काढला. ५०१ रुपये टाका आणि हँडसेट घेऊन जा! आधीच्या डिसेंबरात कंपनीने मिनिटाला ४० पैसे दर लावून पोस्टकार्ड मागे टाकले होते. कार्डाला ५० पैसे पडत. माणसे तुटून पडली. पण ५०१ हा नुसता उंबरठा होता. आत महिन्यामहिन्याचे हप्ते आणि करार होता. शिवाय त्या फोनात सुटे सिमकार्ड नव्हते. हँडसेट आणि नंबर दोन्ही कंपनीला जखडलेले. कंपनी सोडायची तर दोन्ही सोडा. अमेरिकेत याच चालीवर सारा बाजार वर्षानुवर्षे चालला. तेथे दोन वर्षांच्या कराराच्या बदल्यात फोन स्वस्त मिळे, आणि २०१३ मध्ये टी-मोबाइलने ती रीत मोडली तेव्हा कोठे इतरांना जाग आली. आपल्याकडे ती रुजलीच नाही. 'मान्सून'मधल्या पुष्कळांची बिले थकली, वसुलीचे लोक दारोदार हिंडले आणि अखेर कंपनीलाही प्रीपेडचा रस्ता धरावा लागला. ज्या घरात महिना नाही त्या घरात हप्ता पेरला तर दुसरे काय उगवणार?

मग दहा रुपयांचे रिचार्ज निघाले. २००० नंतरच्या दशकाच्या मध्यावर हे घडले आणि त्यानंतर मागे वळून पाहण्याची गरज पडली नाही. किराणा दुकानात, सलूनमध्ये, एस.टी.च्या थांब्यावरल्या टपरीत कंपन्यांच्या रंगीत पाट्या लटकू लागल्या. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलच्या दुकानांची दाटी झाली. खेड्यातला पोरगा कापडचोपड घ्यायला म्हणून शहरात येई आणि एक चक्कर तिकडे टाकल्यावाचून परत जात नसे. बाजाराच्या दिवशी मजुरीतून मिरची, तेल, गूळ आणि दहाचा रिचार्ज. शिल्लक संपली तर फोन मुका, पण बहिरा नाही. पुढल्या बाजारापर्यंत ऐकत राहायचे. सरकारने नाही, कंपनीने नाही, खुद्द लोकांनी मिस्ड कॉलची एक लिपी तयार केली. एक घंटी म्हणजे पोचलो, दोन म्हणजे मोटार बंद कर, तीन म्हणजे तूच फोन कर. २००९ मध्ये सेकंदावर दर आकारणाऱ्या योजना आल्या, तेव्हा तर बोलणेही चिमटीने मोजून घेता येऊ लागले.

या व्यवहाराचा एक परिणाम घरातल्या बायकांवर झाला, त्याची नोंद करावीशी वाटते. बिलाच्या फोनचे बिल घरधन्याच्या नावाने येई, आणि मागितली तर कुठल्या नंबराशी किती बोलणे झाले याची यादीही मिळे. सुनेने माहेरी केलेला फोन त्या यादीत चोरीच्या मालासारखा उघडा पडे. प्रीपेडचे बिलच येत नाही. भाजीच्या पैशांतून दहाची नोट बाजूला काढून आईशी चार मिनिटे बोलणाऱ्या बाईला ना कुणाची परवानगी लागली, ना कुणापुढे हिशेब द्यावा लागला. बायकांच्या स्वातंत्र्यावर आपल्याकडे व्याख्याने पुष्कळ झाली; या दहा रुपयांवर एकही झाले नसावे.

गंमत सीमेवर पाहावी. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे; तेथल्या एका बाकावर दोन माणसे बसली तर दोन राज्यांत बसतात. फोन कंपन्यांची मंडळेही तेथेच बदलत. गाडी हद्द ओलांडी आणि सुरतेला निघालेल्या माणसाच्या फोनवर रोमिंग सुरू होई; मग ऐकायचेही पैसे. वर्गणीदाराने यावर काय केले असते? बिल भरले असते. प्रीपेडवाल्याने दोन सिमकार्डे घेतली. एक खानदेशाचे, एक सुरतेचे. गाडी नवापुराला आली की टाचणीने किंवा नखाने कप्पा उघडून अदलाबदल. पुढे दोन सिमांचे हँडसेट आले आणि हा उद्योग संपला. २००६ च्या मार्चपासून सरकारी कंपन्यांनी देशभर मिनिटाला एक रुपया दर लावला. २०१७ च्या सुमारास ऐकण्यावरचा रोमिंगचा आकारही बहुतेक कंपन्यांनी काढून टाकला.

तरीही शहरांतले बिलवाले बराच काळ आपल्या जागी टिकून होते, आणि त्याचे कारण होता नंबर. दुकानाच्या पाटीवर, पावतीपुस्तकावर छापलेला नंबर सोडायचा कसा? २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली. 'पोर्ट' असा संदेश पाठवायचा, संकेतांक येतो, तो घेऊन नव्या दुकानात जायचे. प्रीपेडवाल्याला हे सोपे. बिलवाल्याला मात्र आधी थकबाकी चुकती करावी लागते. म्हणजे सोडचिठ्ठी मिळे, पण हिशेब मिटल्यावर. त्याच कंपनीत बिलावरून प्रीपेडवर यायचे तरी पूर्वी सगळी कागदपत्रे नव्याने द्यावी लागत. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने ते काम फोनवर येणाऱ्या संकेतांकावर करण्याची परवानगी दिली.

लोकांची खरी रीघ लागली ती मात्र २०१६ च्या ५ सप्टेंबरला जिओ सुरू झाल्यावर. स्मार्टफोन हाती, इंटरनेट दिवसाच्या मापाने, आणि बोलणे जवळजवळ फुकट. भुसावळच्या निवृत्त रेल्वेवाल्यांनीही मग बिलाला रामराम ठोकला. पगार गेला, पेन्शन आली. ज्यांचे आयुष्य पगाराच्या तारखेवर चालले तेही आता दुकानात उभे राहून विचारू लागले, 'चौऱ्याऐंशी दिवसांचा कितीला?' बिल उरले ते मुख्यतः कचेरीकडून पैसे परत मिळणाऱ्यांपुरते.

येथवर ही विजयाची कहाणी वाटते. पण पुढचा भाग तसा नाही.

२०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी नवा नियम आणला. ऐकत राहायचे असेल तरीही ठरावीक मुदतीने ठरावीक रकमेचे रिचार्ज केलेच पाहिजे. नाहीतर आधी जाणारे फोन बंद, मग काही दिवसांनी येणारेही. त्यांची बाजू नव्हती असे नाही. कंपनीकंपनीतल्या मारामारीत दर तळाला गेले होते, काही कंपन्या बुडाल्या, काही विलीन झाल्या, आणि नुसते ऐकणारे ग्राहक पोसणे त्यांना परवडेना. पण परिणाम काय झाला तो पाहा. भाडे नको म्हणून ज्या माणसाने प्रीपेड घेतले होते, त्याच्या घरात भाडे मागच्या दाराने परत आले. आणि ते महिन्याचेही नव्हे, अठ्ठावीस दिवसांचे! तेरा वेळा अठ्ठावीस म्हणजे ३६४. वर्षाचे तेरा महिने करण्याचे जे काम ज्योतिषांना अधिकमास घालून तीन वर्षांनी एकदा जमते, ते या कंपन्यांनी दरसाल केले. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, प्रत्येक कंपनीने निदान एक योजना पूर्ण तीस दिवसांची ठेवावी असा आदेश काढला. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर पुन्हा चढवले.

सालदाराची उचल येथे आठवते. ज्याने आधी पैसे घेतले तो वर्षभर बांधला गेला, असा गावाचा न्याय होता. फोनच्या व्यवहारात पैसे आधी कंपनी घेते, आणि बांधला जातो तो देणारा.

मुदत संपल्यावर नुसते बोलणेच थांबले असते तर एवढे बिघडत नव्हते. पुढल्या बाजारापर्यंत माणूस थांबला असता. पण मधल्या काळात फोन हा बोलण्याचा राहिला नाही. बँकेचा संकेतांक त्यावर येतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः फोनवरून करायची ई-पीक पाहणी सुरू झाली. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना आयाबायांना आधारशी जोडलेल्या नंबरावरचा संकेतांक विचारला गेला. ऐन वेळी 'मावशी, तुमचा रिचार्ज संपलाय' असे कळलेल्या बायका सेवाकेंद्रांच्या रांगांत मी पाहिल्या आहेत. दहाची नोट घेऊन आलेल्या बाईला आता शंभरांच्या घरातली योजना घ्यावी लागते, आणि तीत रोजचे इंटरनेट येते, जे तिच्या बटणांच्या फोनात चालतच नाही.

विजेच्या बाबतीत आपले लोक जास्त सावध निघाले, हेही सांगितले पाहिजे. आगाऊ पैसे भरायचे मीटर घरोघर बसवण्याची गोष्ट निघाली तेव्हा महाराष्ट्रात ठिकठिकाणी विरोध झाला, आणि २०२४ च्या जूनमध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे सरकारला जाहीर करावे लागले. बोलणे आगाऊ पैशांनी घेणाऱ्यांनी उजेड मात्र उधारीवरच मागितला. यात विसंगती काही नाही. फोनची कंपनी बदलता येते, विजेचा खांब बदलता येत नाही. आणि अंधारात पुढल्या बाजारापर्यंत थांबता येत नाही. फोनही आता विजेच्या जातीचा होऊ लागला आहे, हे मात्र तेव्हा फारसे कुणी बोलले नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने आणखी एक आदेश काढला. ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी नुसत्या बोलण्याच्या व संदेशांच्या योजना कंपन्यांनी ठेवाव्यात, आणि अशा विशेष योजनांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत देता यावी. जानेवारी २०२५ मध्ये तशा योजना बाजारात आल्या. किंमत एकदम द्यावी लागते, म्हणून मजुराच्या त्या फारशा कामाच्या नाहीत. परंतु कापूस विकून आलेला शेतकरी किंवा दिवाळीला सुरतेहून घरी आलेला मुलगा आईच्या फोनात वर्षाची बेगमी एकदम करून ठेवतो, असे दुकानदार सांगतात. धान्याची कणगी भरावी तसे हे झाले. फरक एवढाच की कंपनीचे वर्ष ३६५ दिवसांचे आणि आखाजी ते आखाजीचे कधी ३५४, कधी ३८४. तेव्हा कोणत्या साली रिचार्ज आधी संपेल आणि कोणत्या साली आखाजी आधी येईल, हे पंचांगात पाहावे लागते.